काकांची सुटी केलेली एमजी टीडी : हाती घ्यावी का?

मांगरवाला | ३ मार्च
नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय.

थोरले काका गेल्या श्रावणात गेले. देवगडजवळ आमचं जुनं घर आहे. त्याच्या मागच्या मांगरात काकांची १९५१ ची एमजी टीडी ही जुनी इंग्रजी मोटार आहे, पण सगळी सुटी. चासी चार चिऱ्यांवर, इंजिन गोणपाटाखाली, दारं सोलापुरी चादरीत गुंडाळून माळ्यावर, आणि बारीक सामान बिस्किटांच्या एकवीस डब्यांत. काका मुंबईला गिरणीच्या वर्कशॉपात फिटर होते. गाडी घेतली, दोन-तीन वर्षं हौसेनं फिरवली, एकदा घाटात कठड्याला घासली असं काकी सांगतात. नंतर गावी आणून खोलली ती खोललेलीच राहिली.

प्रत्येक डब्यावर पेन्सिलीनं लिहिलंय, शिवाय काकांची नोंदींची एक वहीही आहे. मडगार्डच्या बोल्टांच्या डब्यावर आहे : "पुढचा डावा. नीट बसत नाही. का?" त्या "का" खाली दोन रेघा ओढल्यात.

पत्र्याच्या आतला लाकडी सांगाडा वाळवीनं खाल्लाय. चासीवर गंज आहे, पण हातोडी मारली तर खणखणीत वाजते. भंगारवाला किलोच्या भावानं मागतोय. काकी म्हणतात, "तू घेतोस तर घे, नाहीतर मिरगाआधी मांगर रिकामा करूया." मला बुलेट उघडून बसवता येते, गाडीचं काम कधी केलेलं नाही. हे हाती घ्यावं का? आणि घेतलं तर इथे, खाऱ्या वाऱ्यात करावं, की घाटावर न्यावं?

खाडीकाठ | ३ मार्च
भंगारवाल्याला आजच नाही म्हणून सांगा. बाकीचं नंतर बोलू.

आंबेवाला | ३ मार्च
+१. फोटो टाका.

पानेवाला | ३ मार्च
दादा, सगळ्यात आधी इंजिनच्या ब्लॉकवर अष्टकोनी पितळी पट्टी आहे का बघा. त्यावर "एक्सपीएजी"नं सुरू होणारा नंबर असेल तर इंजिन त्याच जातीचं आहे. १२५० सीसी, चार सिलिंडर, एसयू कंपनीचे दोन कार्बोरेटर. मग चासीचा नंबर शोधा. तो पुढच्या बाजूला डावीकडे चासीतच ठोकलेला असतो. तिथे ग्राइंडर अजिबात लावू नका. ब्रश आणि रॉकेल, बस्स.

टीडी १९४९ च्या शेवटापासून १९५३ पर्यंत इंग्लंडात ॲबिंग्डनला बनली, जवळपास तीस हजार गाड्या, त्यातल्या बहुतेक अमेरिकेत गेल्या. म्हणजे जगात या गाडीचे सुटे भाग आजही नव्यानं बनतात. हे तुमचं मोठं नशीब. एखादी अगदी दुर्मीळ गाडी अशी सुटी मिळाली असती तर मी उलट सल्ला दिला असता.

घाटमाथा | ४ मार्च
मी कोल्हापूरचा. थोडं थंड पाणी ओततो, रागावू नका.

सुटी गाडी आणि बिघडलेली गाडी यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. बिघडलेली गाडी स्वतः उघडताना हात शिकत जातात : कुठला बोल्ट कुठून आला, कुठे वॉशर होता, कुठली वायर कशाखालून गेली. दुसऱ्यानं उघडलेल्या गाडीत ते ज्ञान उघडणाऱ्याबरोबर जातं. मी अशी सुटी मॉरिस मायनर घेतली होती. विकणारा म्हणाला, "सगळं आहे, फक्त जोडायचं." मी हुरूप येऊन आधी रंग काढला, बॉडी चकाचक केली. दोन वर्षांनी जोडायला बसलो तेव्हा कळलं की स्टिअरिंगचा एक आर्म भलत्याच गाडीचा आहे आणि पुढचं एक हब तडकलंय. झालेला रंग पुन्हा खरवडला. तो दिवस अजून आठवतो.

म्हणून सांगतो, एक रुपयाही खर्च न करता आधी सगळी गाडी गंजासकट, तशीच कच्ची मांडून बघा. बोल्ट हातानंच फिरवा, आवळू नका. काय आहे, काय नाही, काय दुसऱ्या गाडीचं आहे, ते महिन्याभरात कळेल. निर्णय त्यानंतर घ्या.

आणि हो, माझं मत घाटावर आणा असंच आहे. तुमच्याकडे चार महिने पाऊस आणि बारा महिने मीठ.

दर्यावर्दी | ४ मार्च
घाटमाथा, कच्ची मांडून बघायचं शंभर टक्के पटलं. मिठाचं नाही पटलं. आमच्या लाँचा त्याच मिठात वर्षानुवर्षं उभ्या असतात. लोखंड मिठानं मरतं ते उघडं ठेवल्यामुळे.

इथे सगळे एकच चूक करतात. गंज काढला की रेड ऑक्साइड मारतात आणि पाऊस संपेपर्यंत तसंच ठेवतात. त्याला छिद्रं असतात, दमट हवेतलं पाणी आत शिरतं, आणि दिवाळीला बघावं तर लाल रंगाखाली लाल गंज. उघडं लोखंड ज्या दिवशी निघेल त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत इपॉक्सी प्रायमर बसला पाहिजे. नाहीतर त्या दिवशी गंज काढायलाच घेऊ नका. छोटे तुकडे घ्या, एक पूर्ण करा, मग दुसरा. शेवटी पेटीसारख्या बंद जागांत आतून पातळ मेण फवारायचं. सँडब्लास्टिंग फक्त चासीला. पातळ पत्र्याला केलं तर तो वाळूच्या माऱ्यानं ताणून लाटांसारखा होतो, मग जन्मभर पुटी लावत बसाल.

सुरंगी | ४ मार्च
लाकडावर कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. आमच्या घरी तीन पिढ्या होड्या बांधल्या जातात, मालवणजवळ. मी स्वतः रंधा धरते.

मूळ सांगाडा ॲश लाकडाचा. ते आपल्याकडे होत नाही. ॲशची खुबी लवचिकपणात आहे. गाडी खड्ड्यातून जाते तेव्हा बॉडी पिळवटते, लाकूड लवतं आणि परत जागेवर येतं. नुसतं कडक लाकूड घेतलंत तर स्क्रूच्या भोकाशी चीर जाईल. साग चालेल, चांगला चालेल, फक्त त्यात तेल असतं. इपॉक्सीनं चिकटवणार असाल तर जोड लावायच्या आधी ॲसिटोननं पुसून घ्या, नाहीतर वर्षभरात सुटेल.

खरी मेख चाकावरच्या कमानीत आणि वळणाच्या भागात आहे. सरळ फळीतून गोल कापलं की रेषा आडव्या जातात आणि तिथेच तुटतं. होडीचे वाकडे वासे आम्ही अंगच्या वळणाच्या लाकडातून काढतो, बाभळीच्या बाकदार फांद्या त्यासाठी हेरून ठेवतात. तुम्हालाही तसंच करावं लागेल, नाहीतर पातळ पट्ट्या वाकवून एकावर एक चिकटवाव्या लागतील.

आणि कृपा करून वाळवीनं खाल्लेले तुकडे टाकू नका! आतून पोकळ असले तरी बाहेरचं माप त्यांनाच ठाऊक आहे. पातळ इपॉक्सी पाजून कडक करा, मग त्यावरून प्लायचे साचे काढा. जोडीतला एक बाजूचा तुकडा बरा असेल तर आरशासारखा उलटा करून दुसरी बाजू मिळते.

आंबेवाला | ४ मार्च
पाटफणस कसो? आमच्या घराचे खांब त्येचेच आसत, आज्याच्या वेळचे.

सुरंगी | ४ मार्च
खांबाला उत्तम, भार सरळ खाली जातो ना. होडीच्या फळ्यांनाही आम्ही वापरतो. पण दाराच्या खांबाला रोज दार आपटणार, तिथे मी साग घेईन. मागच्या फळ्यांना पाटफणस चालेल.

नवाखेळ | ५ मार्च
एवढा खटाटोप कशाला? मारुती जिप्सीचं इंजिन आणि गिअरबॉक्स बसवा, वायरिंग नवीन, एसीसुद्धा होईल. दिसायला जुनी, चालायला नवी. मित्रानं एका जुन्या गाडीला केलंय, मुंबई-गोवा आरामात जातो.

पानेवाला | ५ मार्च
नवाखेळ, गाडी ज्याची त्याची, पण इथे मनापासून विरोध करतो. काकांनी एकवीस डबे लिहून ठेवले ते जिप्सीचं इंजिन बसवायला नव्हे. आणि इंजिन चांगलं आहे हो. ओतीव लोखंडाचा ब्लॉक आहे, बोअर करता येतो, पिस्टन मिळतात.

मांगरवालादादा, याच इंजिनची एक गोष्ट आधी माहीत नसेल तर माणूस वेडा होतो. बोल्टची आटी मेट्रिक, पण डोकं व्हिटवर्थचं, म्हणजे जुन्या इंग्रजी मापाचं! ब्लॉकमधल्या आठ एमएमच्या बोल्टची पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १ मिलीमीटर आहे. बाजारातला आठचा बोल्ट सव्वाच्या पिचचा असतो. तो दोन आटे जातो आणि अडतो, मग माणूस जोर करतो आणि ब्लॉकमधली आटी जाते. इंजिनमधून निघालेला प्रत्येक बोल्ट सोन्यासारखा जपा. चासीवरचे बोल्ट पुन्हा वेगळे, बीएसएफ म्हणजे बारीक आटीच्या इंग्रजी मापाचे. डबे एकमेकांत मिसळू नका.

पान्यांसाठी इंग्लंडकडे बघू नका. गावात भाताची जुनी गिरण असेल, लिस्टर जातीच्या इंजिनवर चालणारी, तर तिथल्या मिस्त्रीकडे व्हिटवर्थ पाने हमखास मिळतील. त्या इंजिनांनाही तीच मापं.

मांगरवाला | ५ मार्च
पट्टी सापडली! काळी पडली होती, चिंच लावून घासली. एक्सपीएजीच आहे. आणि गिरणीच्या अण्णांकडे खरंच पाने निघाले. नारळाच्या तेलात बुडवून कापडात गुंडाळून ठेवलेले. "काकाच न्यायचे, परत पुसून द्यायचे," असं म्हणाले.

खाडीकाठ | ५ मार्च
हे वाचून अंगावर काटा आला.

शिक्कामोर्तब | ६ मार्च
कागदांचं बोलतो, नाहीतर गाडी तयार होईल आणि गेटच्या बाहेर काढता येणार नाही.

जुलै २०२१ मध्ये केंद्रानं व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त झालेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नंबरप्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर "व्हीए" येतं. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,०००. गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोज बाजाराला नेता येत नाही, भाड्यानं तर नाहीच.

नवाखेळ यांच्यासाठी : याच नियमांत गाडी मूळ स्वरूपात हवी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात बदल झालेला नसावा असं म्हटलंय. जिप्सीचं इंजिन बसलं की हा रस्ता बंद.

काकांचं जुनं आरसी बुक शोधा. ट्रंक, देव्हाऱ्याचा खण, विम्याची फाइल, सगळं बघा. गाडी काकांच्या नावावर असेल तर वारसांची संमती आत्ताच लिहून घ्या, सगळे गोडीत आहेत तोवर. आणि काम करताना प्रत्येक टप्प्याचे फोटो काढा. दुरुस्ती केली, बदल केला नाही, हे उद्या दाखवता आलं पाहिजे.

नवाखेळ | ६ मार्च
हे माहीत नव्हतं. शब्द मागे घेतो. टीडीला जिप्सी नको.

घाटमाथा | ६ मार्च
मोठ्या मनाचा माणूस. कोल्हापूरला आलात की मिसळ माझ्याकडून.

आंबेवाला | ६ मार्च
मिसळीवर गाडी गेली म्हणजे धागा आता वडापाववर जाऊन थांबतलो.

विजेरी | ७ मार्च
नाही थांबत, मी परत गाडीवर आणते. या गाडीत बॅटरीची प्लस बाजू बॉडीला जोडलेली असते, आपल्या सवयीच्या उलट. इलेक्ट्रिशियनला न सांगता सोपवलीत तर तो सवयीनं मायनस बॉडीला लावेल. वायरिंग जुनं कापडी असेल तर नवं करा, पण जुनं फेकू नका. जमिनीवर पसरून फोटो काढा, फाटे कुठे फुटतात ते त्यावरूनच कळतं.

दुसरं पेट्रोलचं. पंपावर आता ई-२० आहे, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं. इथेनॉल जुनं रबर फुगवतं आणि हवेतलं पाणी ओढतं. आपल्या पावसाळ्यात टाकी अर्धी भरून गाडी उभी ठेवली तर तळाला पाणी जमणार. रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्या, आणि जूनमध्ये टाकी-कार्बोरेटर रिकामे करा.

मांगरवाला | ९ मार्च
सगळ्यांचे आभार. ठरलं. गाडी घेतोय, म्हणजे निदान कच्ची मांडतोय. भंगारवाल्याला काकींनी स्वतः चहा पाजून परत पाठवलं. आंबेवाल्यांनी तीस रिकामे प्लॅस्टिकचे क्रेट दिले, त्यात डब्यांप्रमाणे सामान लावतोय. क्रेटवर काकांचाच मजकूर जसाच्या तसा लिहितोय.

सुरंगीताई, एक शंका. पावसात आमच्या घराची दारं फुगून बसतात. गाडीच्या दाराचं काय?

सुरंगी | ९ मार्च
तेच होणार. घराच्या दाराला सुतार फट सोडतो तशी सोडा. दारं मे महिन्यात बसवू नका, तेव्हा लाकूड आक्रसलेलं असतं. लाकूड आत्ताच फाडून सावलीत रचून ठेवा, मध्ये पट्ट्या घालून, वारा खेळू दे. एक पाऊस त्याला बघू द्या. दिवाळीनंतर कापा आणि कापल्यावर सगळ्या बाजूंनी, विशेषतः टोकांना, इपॉक्सी पाजा. पाणी टोकांतूनच शिरतं.

दर्यावर्दी | १० मार्च
ताई, एकदा तुमच्याकडे येऊन काम बघायचंय.

घाटमाथा | २ एप्रिल
मांगरवाले, कुठपर्यंत आलं? मांडणीत पुढचा डावा मडगार्ड बसला का? डब्यावरचा तो "का?" माझ्या डोक्यातून जात नाहीये.

मांगरवाला | ११ एप्रिल
नाही बसला. तीन रविवार गेले. उजवा मडगार्ड हातानं सरकवला तरी भोकांवर भोकं येतात. डावा वरच्या बाजूला बसवला की खाली बोटभर फट. खाली बसवला की वर. मडगार्डच वाकलाय असं वाटून कागदावर त्याचा आकार काढला, उलटा करून उजव्यावर ठेवला. तंतोतंत.

घाटमाथा | ११ एप्रिल
मग चासी. घाटात घासली होती ना! ओळंबा घ्या. चासी समतल करा, पाण्याच्या नळीनं. डाव्या-उजव्या जोडीच्या भोकांतून ओळंबा खाली सोडा, जिथे टोक टेकेल तिथे खूण. सगळ्या खुणा झाल्या की चासी बाजूला घ्या आणि कर्ण मोजा. दोन्ही कर्ण सारखे यायला हवेत.

मांगरवाला | १३ एप्रिल
काल केलं. मांगरातली जमीन खडबडीत, म्हणून चौघांनी चासी उचलून खळ्यात आणली. काकींनी आदल्या दिवशी खळं सारवलं होतं. ओळंबा टेकला की काकी तिथे रांगोळीचा ठिपका टाकायच्या. चौदा ठिपके झाले. चासी उचलून बाजूला ठेवल्यावर खळ्यात फक्त ठिपके राहिले, आणि दोरी लावायच्या आधीच काकी म्हणाल्या, "हो बघ, हो ठिपको चुकलो." पुढचा डावा.

कर्ण मोजले. ११ मिलीमीटरचा फरक.

म्हणजे काका जो बसवत होते तो मडगार्ड बरोबर होता. आणि वहीत आता अर्थ लागतोय : तोच मडगार्ड चार वेगवेगळ्या तारखांना बसवून बघितल्याच्या नोंदी आहेत, शेवटी "पत्रा ठोकून बघणे" असं लिहून खोडलंय. त्यांनी पत्रा ठोकला नाही. त्यामुळेच आज तो सरळ आहे.

खाडीकाठ | १३ एप्रिल
काय लिहू कळत नाही. काकींना नमस्कार सांगा.

पानेवाला | १३ एप्रिल
११ मिलीमीटर सरळ होतं, घाबरू नका. पण चासीचा नंबर त्याच बाजूला आहे. गरम करणाऱ्याला नंबर असलेली जागा आधी खडूनं आखून दाखवा, तिथे ज्योत लागता कामा नये. जमलं तर थंडच, जॅक लावून हळूहळू ओढा. कापून जोडायचं नाव काढलं तर गाडी घेऊन परत या.

शिक्कामोर्तब | १३ एप्रिल
आणि त्या नंबरचा स्पष्ट फोटो आणि पेन्सिलीनं घेतलेला ठसा, काम सुरू होण्यापूर्वी. तारीख टाकून.

घाटमाथा | १४ एप्रिल
उद्यमनगरात माझ्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत, चासी जिगवर, म्हणजे पक्क्या चौकटीवर, बांधून थंड ओढतात. मी जवळ उभा राहीन. दर्यावर्दी आणि मी भांडत होतो, इथे की घाटावर. उत्तर असं दिसतंय की नुसती चासी वर यावी, बाकी सगळं तुमच्याकडेच राहावं. लाकूड सुरंगीताईंच्या हाताखालीच झालं पाहिजे, हे मी आता मान्य करतो.

दर्यावर्दी | १४ एप्रिल
आणि परत आली की त्याच दिवशी प्रायमर! मी येतो देवगडला, ब्रश घेऊन.

आंबेवाला | १४ एप्रिल
चासीची काळजी सोडा. माझो टेम्पो शुक्रवारी रात्री आंबे घेऊन कोल्हापुराक जाता, गगनबावड्यान. पेट्यांच्या वर जागा आसा. मांगरवाल्यानू, संध्याकाळी सात वाजता चौघे जण तयार ठेवा, आणि खाली घालूक गोणपाट.

मांगरवाला | १४ एप्रिल
सातला तयार आहोत. काकी विचारतायत, तो डबा चासीबरोबर पाठवायचा का. मी म्हटलं, नको, तो इथेच असू दे. "का?" च्या पुढे त्यांनी आत्ताच पेन्सिलीनं "११" लिहिलंय.